बाटलीतलं तिखट कशावर घालावं?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या घरात हॉट सॉसच्या सहा बाटल्या जमल्या आहेत: टबॅस्को, श्रीराचा, पेरी-पेरी, शेजवान चटणी, गोचुजांगचा लाल डबा आणि कुणीतरी भेट दिलेली भूत झोलकियाची बाटली. नवऱ्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी पिळायची हौस. परवा चिंच-गुळाच्या आमटीवर श्रीराचा पडला, जेवताना वाद झाला आणि सासूबाईंनी निकाल दिला, 'घरात ठेचा असताना ही थेरं कशाला?' तर कुठला सॉस कशाबरोबर जातो, यातलं ठेवावं काय आणि मी स्वतः काय वापरते, हे त्यांना हवंय.

ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपल्या घरात तिखट शिजतानाच पडतं. फोडणीत मिरची, वाटणात मिरची, वरून घरचा मसाला. पानात येईपर्यंत भाजीला हवं तेवढं तिखट लागलेलं असतं. अमेरिकेत तसं नसतं. तिथे मीठ-मिरपूड लावलेलं मांस, अंडी, बटाटे समोर येतात आणि तिखट ज्याचं त्याने टेबलावर घ्यायचं. हॉट सॉसची बाटली त्या टेबलासाठी जन्माला आली. म्हणून आपल्या जेवणावर ती 'तिखट कमी पडलं' म्हणून उलटी केली की बहुतेक वेळा चव बिघडते. मी आधी हॉटेलच्या किचनमध्ये आणि आता परळला स्वतःच्या केटरिंगमध्ये एकच प्रश्न विचारत आले आहे: या पदार्थात तिखट सोडून काय कमी आहे? आंबट? स्निग्धपणा? लसूण? कुरकुरीतपणा? जे कमी असेल ते ज्या बाटलीत असेल ती उचलायची. तिखट तिच्यासोबत येतंच.

त्यासाठी बाटलीची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली की सॉसचा स्वभाव कळतो. व्हिनेगर पुढे असेल तर तो लिंबाच्या जागी जाईल. साखर पुढे असेल तर तो गोड चटणीचा भाऊ. तेल पुढे असेल तर तुपाच्या जागी. घटकांत नुसते नंबर दिसले तर: ४१५ म्हणजे झँथन गम, सॉस दाट दिसावा म्हणून. २६० म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकण्यासाठी. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पाणी, साखर, स्टार्च सगळं होऊन मग मिरचीचा नंबर लागत असेल, तर तुम्ही लाल केचपचे जास्त पैसे मोजताय.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात स्कोव्हिलचा, म्हणजे तिखटपणाचा आकडा असतो, त्याला फार भुलू नका. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही मोजणी काढली. मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. जितक्या पट पातळ केला तितका आकडा. आता हे काम यंत्रं करतात. टबॅस्कोचा नेहमीचा लाल सॉस २,५०० ते ५,००० च्या दरम्यान येतो. भूत झोलकिया मिरची दहा लाखांवर गेली आणि २००७ मध्ये गिनेसने तिला जगातली सगळ्यात तिखट मिरची ठरवलं. २०२३ पासून तो मान 'पेपर एक्स'कडे आहे, जवळपास २७ लाख. स्वयंपाकात या आकड्याचा उपयोग इतकाच, की बाटलीतून थेंब घ्यायचा की चमचा.

आता एकेक बाटली घेऊ. टबॅस्कोवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सहांतली माझी सगळ्यात आवडती तीच.

लुइझियाना राज्यातल्या एव्हरी आयलंडवर मॅकिलहेनी कंपनी १८६८ पासून हा सॉस करते. पिकून लाल झालेली मिरची मिठाबरोबर कुटायची, ओकच्या लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवायची, मग व्हिनेगरमध्ये मिसळून गाळायची. घटक तीनच: व्हिनेगर, मिरची, मीठ. साखर नाही, लसूण नाही, दाटपणा नाही. म्हणून माझा साधा हिशेब असा: मुंबईत ज्यावर आपण लिंबू पिळतो, त्यावर टबॅस्को चालतो.

रवा लावून तळलेला ओला बोंबील घ्या. आत मासा लोण्यासारखा मऊ आणि पाणीदार, बाहेर रव्याचं पातळ कवच. लिंबू पिळलं की रस ताटलीभर पसरतो आणि खालच्या बाजूचा रवा बघता बघता नरम पडतो. टबॅस्कोच्या बाटलीच्या तोंडाला बारीक भोकाचं बूच असतं, ते एका वेळी एकच थेंब सोडतं. जिथे घास तोडणार तिथे एक थेंब टाकायचा आणि लगेच तोंडात. आधी व्हिनेगर नाकात चढतं, मग जिभेच्या टोकाला चटका बसतो आणि लगेच ओसरतो, मागे बोंबलाचा गोडवा राहतो. कवच शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत. मांदेली, कोलंबी, सुरमईचा तुकडा, सगळ्यांना हेच लागू. मात्र मासळीला आधी कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ चोळला असेल तर बाटलीला हात लावू नका. आंबटावर आंबट चढलं की मासळीची चव मरते. हिरवं वाटण लावलेली मासळी असेल तर हालापेन्यो मिरचीचा हिरवा टबॅस्को जास्त शोभतो, तो सौम्य असतो आणि कोथिंबिरीशी त्याचं पटतं.

अमेरिकेत हा सॉस कच्च्या कालवांवर घालतात. ते तिथेच राहू दे. मुंबईच्या किनाऱ्यावरची कालवं कच्ची खायला मी कुणाला सांगणार नाही. त्यांचं सुकं करावं आणि कोकमाला त्याचं काम करू द्यावं.

अंडं आणि टबॅस्को ही जोडी तर मोडूच नये. पण बुर्जीत घालायचा तो गॅस बंद केल्यावर. तापलेल्या तव्यावर व्हिनेगर पडलं की त्याची वाफ होते, घरभर खोकला सुटतो आणि बुर्जीत आंबटपणा उरतच नाही. विलिंग्डन क्लबातून शहरभर पसरलेलं 'एग्ज केजरीवाल', म्हणजे टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर हाफ फ्राय, त्याच्या बलकावर दोन थेंब टाकून बघा. चीज आणि बलक दोन्ही जिभेवर जाड थर देतात, व्हिनेगर तो थर कापतं. पिझ्झा, चीज टोस्ट, मटण कटलेट यांनाही तेच कारण.

श्रीराचाची गोष्ट उलटी आहे. नाव थायलंडच्या सी राचा गावावरून आलं. आपल्याकडे ज्या चवीला आपण श्रीराचा म्हणतो ती मात्र बरीचशी कॅलिफोर्नियाची. व्हिएतनाममधून तिथे गेलेल्या डेव्हिड ट्रान यांनी १९८० मध्ये ह्युय फाँग ही कंपनी काढली, तिचा तो कोंबड्याचं चित्र असलेला, हिरव्या टोपणाचा सॉस. थायलंडमधला त्याहून पातळ आणि गोड असतो. दोन्हींत मिरचीइतकंच बोलतात ते लसूण आणि साखर. आता तुमची आमटी बघा. तिच्यात चिंच आहे, गूळ आहे, गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि दालचिनी आहे. म्हणजे आंबट-गोडाचा तोल आधीच साधलेला, त्यात बाहेरून आणखी साखर आली आणि लसूण दगडफुलाच्या अंगावर धावून गेला. यजमानांची बाजू घ्यायची फार इच्छा होती, पण या खटल्यात ते हरले.

तोच सॉस जिथे गोड-आंबट काहीच नाही तिथे बहार आणतो. पावसाळ्यातली कांदाभजी, बटाट्याचे काप, कोथिंबीर वडी, बटर लावलेलं काकडीचं सँडविच, उकडलेलं अंडं. बेसन आणि बटाटा स्वतःहून फार बोलत नाहीत, त्यांना लसणीची साथ हवीच असते. साबुदाणा वड्याबरोबरही छान लागतो, फक्त उपासाच्या दिवशी नको. लसूण चालत नाही आणि सासूबाईंना आणखी एक मुद्दा मिळेल.

बेसन-बटाट्यावरून वडापाव आठवला असेल. तिथे मात्र कुठलाच ओला लाल सॉस नको. वडा गरम, वाफाळता; पाव मऊ आणि पाणी शोषणारा. त्यात ओलं काही पडलं की दोन मिनिटांत पावाचा लगदा. म्हणून तर गाडीवर लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट आणि मीठ अशी कोरडी चटणी असते. हिरवी आणि चिंचेची चटणी गाडीवाला जेमतेम पुसतो, ओतत नाही. शेजारी मिठात घोळवलेली तळलेली मिरची. यात बाटलीने भर घालावी असं मला आजवर काही सापडलेलं नाही.

शेजवान चटणी आपल्या घरचीच आहे, तिला परकं समजू नका. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, भरपूर तेलात बारीक चिरलेलं लसूण-आलं परतायचं, त्यात वाटण, थोडी सेलरी, सोया, व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर, आणि तेल सुटेपर्यंत शिजवायचं. हा मसाला परतण्याचा आपलाच खाक्या. चीनच्या सिचुआन प्रांताच्या जेवणाची जी खूण, म्हणजे बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांची मुरवलेली पेस्ट आणि जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी, ती यात नसतेच. गंमत अशी की त्या सिचुआन मिरीचं सख्खं भावंड कोकणात घरोघरी आहे: तिरफळ. दोन्ही झँथोझायलम या एकाच जातकुळीतली झाडं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडतं तेव्हा ओठांना जी हलकी झिणझिणी येते, ती तीच. मी शेजवान करताना तेल मंद गरम करून त्यात काळी बी काढलेली तिरफळाची सालं थोडा वेळ ठेवते, मग काढून टाकते आणि त्याच तेलात लसूण परतते. पंगतीला वाढला की लोक विचारतात हे काय वेगळं आहे. मालवणी माणसं विचारत नाहीत, ओळखतात.

शेजवानला पिष्ट आणि तेल-लोणी लागतं: भात, नूडल्स, डोसा. शेजवान डोशाची चेष्टा करणाऱ्यांनी मुंबईच्या म्हैसूर डोशात आतून पुसलेली लाल चटणी आणि वरचं लोणी आठवावं. चटणी बदलली, रचना तीच आहे. मेयोनेजमध्ये कालवलेला शेजवान मात्र मला अजिबात आवडत नाही. मेयोनेज लसणीला झोपवतं आणि साखरेला जागं ठेवतं.

पेरी-पेरीवर फार लिहिण्यासारखं नाही. पोर्तुगीजांनी अमेरिकेतली मिरची आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेली, आपल्याकडेही सोळाव्या शतकात तेच घेऊन आले. मोझांबिककडच्या बारीक तिखट मिरचीत लिंबू, लसूण आणि तेल घातलं की तो सॉस. आचेवर भाजलेलं चिकन, पनीर, मोठी कोलंबी, बस. फ्राइजवर भुरभुरतात ती पेरी-पेरी भुकटी ही मीठ, साखर, आंबट भुकटी आणि तिखट यांची वेगळीच वस्तू आहे; सिनेमा बघताना ठीक.

गोचुजांग बाटलीतून पिळायची चीजच नाही. आंबवलेलं सोयाबीन, चिकट तांदूळ आणि कोरियन मिरचीची पूड मुरवून केलेली ती घट्ट पेस्ट आहे, खारट-गोड, थोडी मिसोच्या, म्हणजे जपानी सोयाबीन पेस्टच्या वळणाची. तशीच चाटली तर जड लागते. तिला पातळ करायला काहीतरी द्या. लोण्यात कालवून भाजलेल्या कणसावर लावा, नेहमीचं लिंबू-तिखट-मीठ एक दिवस बाजूला. दह्यात कालवून चिकनला तासभर चोळून ठेवा. माझा आवडता उपयोग मात्र सुका जवळा. कोरियात सुकी बारीक मासळी गोचुजांगमध्ये परतून भाताबरोबर खातात, त्यामुळे हे काही मनाचे खेळ नाहीत. जवळा निवडून कोरडा भाजा, चमचाभर तेलात लसूण, त्यात अर्धा चमचा गोचुजांग दोन चमचे पाण्यात सैल करून, जवळा घालून कोरडा होईपर्यंत परता. मीठ घालू नका, जवळा आणि पेस्ट दोन्ही खारट. तांदळाच्या भाकरीबरोबर.

भूत झोलकियाची भेट. असल्या बाटल्या लोक पैजा मारायला देतात. आधी घटक बघा: 'मिरचीचा अर्क' किंवा 'ओलिओरेझिन' असं काही लिहिलं असेल तर ती पैजेलाच ठेवा, कारण अर्काच्या सॉसला कडवट, औषधी चव असते आणि ती कशानेही झाकत नाही. नुसती मिरची, व्हिनेगर, मीठ असेल तर चीज चांगली आहे. या मिरचीला फळासारखा वास असतो आणि तिखट उशिरा, घशाकडून वर चढतं. टबॅस्कोचं तिखट येऊन जातं, हे मुक्कामाला येतं. म्हणून ताटात थेंब टाकून बघायची चूक नको. पातेलंभर मटणाच्या रश्श्यात काडीच्या टोकावर येईल तेवढं, किंवा वाटीभर दह्यात एक थेंब. अननसाच्या फोडींवर मीठ, चिमूट साखर आणि याचा एक थेंब सगळ्यांत मिळून. फळाचा वास फळाला भेटतो. कैरी, पेरू, अननस इथपर्यंत मी येते. हापूसच्या रसात कुणी सॉस घातला तर त्या घरी मी जेवायला येणार नाही.

तुमच्या सहांत नसलेली, पण मला सगळ्यात जास्त लागणारी सातवी वस्तू म्हणजे तेलातली कुरकुरीत मिरची. चीनच्या ग्वेइचौ प्रांतातली 'लाओ गान मा' ही तिची जगभर गेलेली बाटली, आता क्रॉफर्ड मार्केटातही सहज मिळते. तळलेल्या मिरचीचे तुकडे, सोयाबीन किंवा दाणे, कांदा-लसूण, वर लाल तेल. आंबट अजिबात नाही. वरण-भात, मऊ खिचडी, दहीभात, उकडलेला बटाटा, म्हणजे जिथे सगळंच मऊ आहे तिथे ती हवी. सासूबाईंना सांगा, ही तळणीची मिरचीच आहे. दहीभातावर सांडगी मिरची चुरून घेताना आपल्याला जे हवं असतं, म्हणजे तेल, मीठ, कुरकुर आणि मागाहून तिखट, तेच चमच्यात येतं. यजमानांना वरणावर काही घ्यायचंच असेल तर हे द्या.

घरी करायची तर मिरची चांगली आणा. लालबागच्या मिरची गल्लीत मार्च ते मे मसाल्याच्या दिवसांत उभं राहणं म्हणजे शिंकांचा कार्यक्रम, पण माल तेव्हाच ताजा असतो. या कामाला रंगाला ब्याडगी आणि जोराला थोडी संकेश्वरी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद, तिखटाला मवाळ. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. एक मिरची हातात घेऊन वाकवा. चांगली वाळलेली असेल तर ती कडक्कन मोडते आणि आत बिया सुट्या खुळखुळतात. नुसती वाकली तर ओल आहे, घरी आणून बुरशी धरेल. देठाजवळ पांढुरकं काही दिसलं, कुबट वास आला, तर पुढच्या दुकानात जा. पोतं वरून एक आणि आतून दुसरं असतं, म्हणून हात खोल घालून मूठभर काढायला सांगा. ओळखीचा दुकानदार स्वतःच काढून दाखवतो.

मग मिरच्यांचे बिया झटकून जाडसर तुकडे करा, वाटीभर. दीड वाटी तेलात बारीक चिरलेला कांदा आणि लसूण अगदी मंद आचेवर तांबूस होईपर्यंत तळा, रंग यायला लागला की लगेच गाळणीवर काढा, ते बाहेरही शिजत राहतात. तेल पाच-सात मिनिटं निवू द्या. एक मिरचीचा तुकडा टाकून बघा: बारीक फेसाळलं पाहिजे, पण काळं पडायला नको. काळी मिरची म्हणजे कडू बाटली, तिला उपाय नाही. मग तेल मिरचीवर ओता, गार झाल्यावर कांदा-लसूण, मीठ, भाजलेले तीळ, कुटलेले दाणे. ही फ्रिजमध्येच ठेवायची आणि कोरडा चमचा वापरायचा. तेलाखाली दबलेल्या लसणीला हवा मिळत नाही, आम्लही नाही, अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो आणि त्याचा वास-चव कळत नाही. त्यामुळे थोडी करा, आठवड्यात संपवा.

मी स्वतः काय वापरते, याचं उत्तर आता सोपं आहे. टबॅस्को, ही तेलातली मिरची, आणि तिसरा घरी आंबवलेला लाल सॉस. त्याची कृती देते, कारण विकतच्या कुठल्याही बाटलीत हा ताजेपणा मला मिळालेला नाही. हिवाळ्यात दादरच्या बाजारात ओली लाल मिरची येते. इतर वेळी भाजीवाल्याला सांगून ठेवा. हिरव्या मिरचीच्या ढिगातल्या लाल पडलेल्या मिरच्या तो वेगळ्या काढतो आणि स्वस्तात देतो. पाव किलो मिरची धुऊन पूर्ण कोरडी करा, देठं काढा, २५ ग्रॅम लसूण, आणि मीठ ८ ग्रॅम, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण ३ टक्के. मीठ डोळ्यांनी नको, काट्यावर मोजा. कमी पडलं तर सडतं, जास्त झालं तर आंबत नाही. मिक्सरमध्ये जाडसर फिरवा, काचेच्या बरणीत दाबून भरा, वर जागा ठेवा, झाकण सैल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतील, लोणच्यासारखा आंबट वास येईल. रोज एकदा स्वच्छ चमच्याने दाबून खाली करा. थंड देशांतल्या कृतीत दोन-तीन आठवडे लिहिलेले असतात. मुंबईच्या हवेत पाच ते सात दिवसांत काम होतं, मे महिन्यात त्याआधीही. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका, पण हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका, वरवर काढून वाचवू नका. मग ७० मिली साधं पांढरं व्हिनेगर घालून बारीक वाटा, गाळा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये. धातूचं झाकण नको, व्हिनेगरने गंजतं. गाळणीवर राहिलेला चोथा टाकायचा नाही. मीठ पुरेसं असतंच, वाळवून पूड केली की सँडविचवर भुरभुरायला होते.

तुमच्या बाटल्यांची चाचणी घ्यायची असेल तर चमच्याने चाटत बसू नका. मीठ न घातलेला कोमट भात छोट्या वाट्यांत घ्या, प्रत्येकीत दोन-तीन थेंब. भात कोमटच हवा: मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन आणि उष्णता दोन्ही आपल्या शरीरातल्या एकाच संवेदकावर (रिसेप्टरवर) बोट ठेवतात, ज्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यामुळे गरम भातात साधा सॉसही जहाल वाटतो. उकळती मिसळ उगाच तोंड भाजत नाही. एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त नको, पुढे जीभ खरं सांगत नाही. शेवटी भूत झोलकिया, तीही थेंबांनी नाही, काडीच्या टोकावर येईल तेवढीच; सुरुवातीला कधीच नाही. हाताशी पाणी नको, ताक ठेवा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने फक्त तोंडभर पसरतं. दुधातली प्रथिनं त्याला धरून नेतात. सोलकढीही चालते, नारळाच्या दुधातली चरबी तेच काम करते.

आता ठेच्याचं. तव्यावर तेलात भाजलेली मिरची, लसूण, दाणे, जाड मीठ, तांब्याच्या बुडाने रगडलेलं, ते भाकरी-लोण्याबरोबर ज्याने खाल्लंय त्याला बाटली देण्यात अर्थ नाही. पिठलं, भाकरी, थालीपीठ, वांग्याचं भरीत हा सगळा मुलूख सासूबाईंचा, तिथे मी त्यांच्याच बाजूने आहे. पण ठेच्यात आंबट नसतं, आणि तळलेल्या मासळीला, चीजला, अंड्याला ते हवं असतं. तेवढ्या जागा बाटलीला मिळाल्या पाहिजेत.

सहांपैकी टबॅस्को बाहेर कपाटात राहू द्या, त्याला फ्रिजची गरज नाही, फक्त उन्हापासून दूर ठेवा. श्रीराचा, शेजवान, पेरी-पेरी आणि गोचुजांग उघडल्यावर फ्रिजमध्ये. श्रीराचा हळूहळू तपकिरी पडतो, ते चालतं, पण गोड आंबूस फसफसला तर टाका. पेरी-पेरी संपली की नवी आणू नका, त्या जागी तेलातली मिरची येऊ द्या. आणि भूत झोलकियाची बाटली वरच्या फळीवर, टोपणावर मोठ्या अक्षरांत 'काडीने' असं लिहून. घरात लहान मुलं येत असतील तर त्याहूनही वर.